तीन दिवसांचं पिंप : शेफील्डचे पब, रिअल एल आणि माहोल

‘पब’ हा शब्द मराठीत आला तो जरा बदनाम होऊनच. आपल्या वर्तमानपत्रांत ‘पब संस्कृती’ म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत, लखलखणारे दिवे, पहाटेपर्यंतचा धिंगाणा आणि दुसऱ्या दिवशीची पोलीस कारवाई असं चित्र उभं राहतं. ज्या देशातून हा शब्द आला, तिथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. मंगळवारी दुपारी चार वाजता तिथे डोकावलं तर एखादे आजोबा शब्दकोडं सोडवत बसलेले दिसतात, त्यांच्या पायाशी कुत्रा झोपलेला असतो आणि शेकोटीतल्या लाकडांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता असते.

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षं मी उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात राहतो. इथल्या लोकांना आपल्या पबांची तुलना करण्याची भारी हौस. पुण्यात मिसळीवरून जसे पक्ष पडतात, तसे इथे पबांवरून पडतात. या वादांत दोनच मोजमापं वापरली जातात हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. एक, तिथली ‘रिअल एल’ कशी आहे. आणि दुसरं, तिथला माहोल कसा आहे. ‘बिअर उत्तम, पण जागेला जीव नाही’ किंवा ‘जागा झकास, पण बिअर सांभाळता येत नाही’ असे शेरे मी कितीदा तरी ऐकले. ही दोन मोजमापं खरोखर वेगळी आहेत का, हा प्रश्न मला पडला, आणि दोन हिवाळे मी चार पबांत वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी, बहुतेकदा अर्ध्याच पाइंटवर बसून त्याचं उत्तर शोधलं. हा लेख त्या शोधाचा.

माठातलं पाणी आणि फ्रिजमधलं पाणी

आधी पेयाविषयी. आपल्याकडे बिअर म्हणजे जवळजवळ नेहमी लागर : कमी तापमानात आंबवलेली, गाळून स्वच्छ केलेली, बाटलीबंद आणि दात शिवशिवतील इतकी गार. एल हा बिअरचा त्याहून जुना प्रकार. मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट, एवढंच दोन्हींचं भांडवल. पण एल अधिक उबदार तापमानात आंबते, त्यामुळे तिला फळांचे, पावाचे, भाजलेल्या धान्याचे गंध येतात. इंग्लंडमधली रोजची एल साधारण साडेतीन ते साडेचार टक्के अल्कोहोलची असते. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या मानाने ती बरीच सौम्य. तासन् तास गप्पा मारत बसायचं असेल तर पेय असंच लागतं.

‘रिअल एल’ ही मात्र चवीची नव्हे, पद्धतीची व्याख्या आहे. बिअर ज्या पिंपातून ग्लासात येते, त्याच पिंपात तिचं दुसऱ्यांदा आंबणं झालेलं असलं पाहिजे आणि ती काढताना बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब दिलेला नसावा. म्हणजे कारखान्यातून निघते ती तयार बिअर नव्हे. पिंपात जिवंत यीस्ट असतं, थोडी साखर शिल्लक असते आणि उरलेलं काम पबच्या तळघरात व्हायचं असतं. ज्यांच्या घरी विरजण लागतं त्यांना हे समजावून सांगायला नको. दूध तेच असलं तरी कोणत्या घरी, कोणत्या उबेला, कोणाच्या हातानं विरजण लागलं यावर दह्याची चव ठरते.

तळघरातलं हे काम नाजूक आहे. पिंप आलं की ते आडवं ठेवून हलणार नाही असं टेकवायचं. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची एक मऊ खुंटी ठोकायची, म्हणजे आतला जादा वायू हळूहळू निघून जातो. फसफस शांत झाली की तिच्या जागी टणक खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. एक-दोन दिवसांत गाळ तळाशी बसतो, मग पुढच्या तोंडावर हातोड्यानं नळ ठोकतात. तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. ‘इंग्रज गरम बिअर पितात’ ही थट्टा इथूनच आली, पण ही बिअर गरम नसते. ती माठातल्या पाण्याइतकी गार असते. फ्रिजमधल्या पाण्याला चव नसते आणि माठातल्या पाण्याला ती असते, हे आपण उन्हाळ्यात म्हणतोच. कारण तेच आहे.

गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात ‘आयसिंग्लास’ घालायची जुनी रीत आहे. हे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघर-डहाणूकडचे कोळी घोळ माशाच्या पोटातून काढून, वाळवून जो ‘बोत’ विकतात, तीच ही वस्तू. ती गाळाबरोबर तळाशी जात असली तरी काटेकोर शाकाहारी माणसाला ही माहिती असलेली बरी. माझ्या एका शाकाहारी मित्राला मी ती तिसऱ्या भेटीत दिली आणि आमचं बोलणं काही आठवडे बंद होतं. हल्ली अनेक कारखाने त्याशिवाय, किंचित गढूळ बिअर करतात.

शेवटी हातपंप. बारवरचा तो लांब दांडा ओढला की तळघरातली बिअर वर येते. आपल्या गावाकडच्या बोअरवेलच्या पंपासारखं सरळ यंत्र. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं. उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची एक टोपी लावतात, त्यामुळे बिअरवर दाट साय धरल्यासारखा फेस येतो. दक्षिणेतल्या लोकांना ही टोपी म्हणजे चवीचा खून वाटतो. या विषयावर दोन इंग्रज माणसं अर्धा तास सहज भांडू शकतात.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. पंपानं बिअर वर ओढली की तेवढी हवा पिंपात शिरते. हवा लागली की बिअर उतरू लागते. नळ ठोकलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपलं पाहिजे. चौथ्या दिवशी ती निस्तेज होते, पुढे आंबते. हे तीन दिवस वाचकांनी लक्षात ठेवावेत.

मरता मरता वाचलेली गोष्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या मोठ्या बिअर कंपन्यांनी लहान कारखाने विकत घेण्याचा सपाटा लावला. साठचं दशक संपेपर्यंत सहा कंपन्यांच्या हातात देशातला बहुतांश बिअरधंदा आणि हजारो पब आले. एवढ्या पबांतल्या तळघरांत कुशल हात कुठून आणायचे? त्यापेक्षा बिअर कारखान्यातच गाळून, पाश्चराइझ करून धातूच्या बंद पिंपात भरावी आणि वायूच्या दाबानं वर चढवावी, हे सोपं होतं. या बिअरला ‘केग’ म्हणतात. ‘वॉटनीज रेड बॅरल’ हे तिचं सर्वांत गाजलेलं नाव. ती टिकाऊ होती, सगळीकडे सारखी होती आणि तिला सांभाळायला अक्कल लागत नव्हती.

१९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या डनक्विन गावात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी तिथल्या ‘क्रुगर्स बार’मध्ये बसून या बिअरविरुद्ध चळवळ काढायचं ठरवलं. तिचं आजचं नाव ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, बोलीत ‘कॅम्रा’. ‘रिअल एल’ हा शब्दप्रयोग रुळवला तो या चळवळीनंच. १९७४ पासून ‘गुड बिअर गाइड’ पुस्तकरूपानं दरवर्षी निघू लागलं. त्यात कोणत्या गावात कुठला पब पिंप नीट सांभाळतो हे गावोगावचे सभासद स्वतः चाखून लिहितात. आज सभासदसंख्या दीड लाखाच्या आसपास आहे. ग्राहकांनी एका मरू घातलेल्या कारागिरीला वाचवल्याची इतकी यशस्वी उदाहरणं फार नाहीत.

कायद्याचाही हात लागला. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या पबांवर मर्यादा घातली आणि त्यांच्या बांधील भाडेकरूंना बाहेरची एक पिंपातली बिअर ठेवण्याची मुभा दिली. २००२ मध्ये छोट्या कारखान्यांना करात मोठी सवलत मिळाली. त्यानंतर गॅरेजात, गोठ्यात, रेल्वेपुलाच्या कमानीखाली कारखाने निघू लागले.

शेफील्डमध्ये हा इतिहास ठळक दिसतो. हे पोलादाचं शहर. भट्टीपुढे आठ तास घाम गाळलेल्या माणसाला सौम्य, भरपूर पिता येणारी बिअर हवी असे, आणि कारखान्यांच्या दारांसमोर तशी ती मिळे. ऐंशीच्या दशकात पोलादाचा धंदा कोसळला. शहरातले मोठे बिअर कारखानेही मागोमाग गेले. व्हिटब्रेडचा एक्स्चेंज कारखाना १९९३ मध्ये आणि वॉर्ड्स व स्टोन्स हे दोन्ही १९९९ मध्ये बंद पडले. पण तोवर शहराच्या एका पडीक कोपऱ्यात दुसरीच गोष्ट सुरू झाली होती.

चार पब

तो कोपरा म्हणजे डॉन नदीकाठचं केलम आयलंड. १९८१ मध्ये तिथल्या आल्मा स्ट्रीटवरचा एक पब डेव्ह विकेट यांनी विकत घेतला. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी त्याचं नाव ‘फॅट कॅट’ ठेवलं. कोणत्याही कंपनीशी बांधील नसलेला, देशभरातल्या लहान कारखान्यांच्या एल ठेवणारा पब शेफील्डला तेव्हा नवा होता. १९९० मध्ये त्यांनी मागच्या बागेत केलम आयलंड ब्रुअरी काढली. तिची ‘पेल रायडर’ ही एल २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्कृष्ट बिअर ठरली.

फॅट कॅटमध्ये संगीत नाही, जुगाराची यंत्रं नाहीत. दोन लहान खोल्या, खऱ्या शेकोट्या, साधं जेवण. इथे माहोल म्हणजे बोलण्याचा आवाज. शुक्रवारी संध्याकाळी तो इतका दाट होतो की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, आणि गप्पांसाठी हीच आदर्श अवस्था. मंगळवारी दुपारी मात्र प्रत्येक वाक्य सगळ्या खोलीला ऐकू जातं, आणि म्हणूनच संभाषण सार्वजनिक होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. तिसऱ्या वेळी एका गृहस्थांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, ‘सात अक्षरी, भारतातली नदी?’ मी ‘नर्मदा’ म्हणालो. इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचं, बरोबर बसलं. त्या दिवसापासून मला तिथे जागा आहे.

दुसरा पब तिथून चार पावलांवर, ‘केलम आयलंड टॅव्हर्न’. २००८ आणि २००९ अशी सलग दोन वर्षं कॅम्राने तो देशातला सर्वोत्तम पब ठरवला. लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा तो पहिला. इथली बिअर मला चौघांत सर्वांत भरवशाची वाटली. पंप बरेच आहेत, पण निवड डोळस आहे. फिकी कडवट एल असते, तशीच काळी ‘माइल्ड’ असते. माइल्ड हे एकेकाळी कामगारांचं पेय. सौम्य, भाजक्या चवीचं, स्वस्त. पुढे फॅशन गेल्यावर बहुतेक ठिकाणांहून नाहीसं झालेलं. जो पब माइल्ड ठेवतो आणि खपवतो, त्याचं गिऱ्हाईक बिअर समजून पितं, असा माझा आडाखा आहे. इथला माहोल फॅट कॅटहून जरा उत्साही. लांबून मुद्दाम आलेले वही-पेनवाले ‘एल’वेडे आणि शेजारच्या इमारतींतली तरुण मंडळी एकाच बारला टेकलेली असतात.

तिसरा, ‘शेफील्ड टॅप’, थेट रेल्वे स्टेशनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिडलँड रेल्वेनं बांधलेली ही उपाहाराची खोली कित्येक वर्षं बंद, मोडकळीला आलेली होती. २००९ मध्ये टाइल्स, लाकूडकाम सगळं दुरुस्त करून तिथे पब सुरू झाला. पुढे शेजारच्या पूर्वीच्या भोजनगृहात बिअरचा लहान कारखानाही बसवला, आणि उंच छताखाली पिता पिता तो पाहता येतो. वास्तू म्हणून चौघांत हा सर्वांत देखणा. निवड प्रचंड आणि खपही प्रचंड, त्यामुळे पिंप ताजं असतं. पण इथलं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत पितं. गाडीची घोषणा झाली की अर्धी खोली उठते. मी इथे अनेकदा गेलो, पण मला इथे कोणी ओळखत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. हा माहोल स्टेशनाचा आहे. त्याला त्याची एक मजा आहे, पण ‘आपला पब’ तो कुणाचाच नाही.

चौथा, गावातल्या व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ‘बाथ हॉटेल’. नाव हॉटेल, काम पबचं. १९३० च्या दशकातली त्याची आतली रचना जवळजवळ तशीच राहिली आहे आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे. दोन लहान खोल्या, मध्ये चिमुकला बार आणि उभं राहून प्यायची एक बोळ. उत्तर इंग्लंडमधल्या पबांची ही बोळ ही खास खूण. इथे बसल्यावर कळतं की माहोल ही पुष्कळ अंशी भिंतींची करामत असते. मोठ्या उघड्या दालनात दहा माणसं बसली तर जागा ओकीबोकी वाटते. बाथ हॉटेलच्या खोलीत तीच दहा माणसं म्हणजे मैफल. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी देखरेखीच्या सोयीसाठी पबांमधल्या भिंती पाडून सगळ्याचं एकच दालन केलं, तेव्हा त्यांनी नकळत हीच गोष्ट पाडली.

माहोल कशाचा बनतो?

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये एका वर्तमानपत्रात आपल्या आदर्श पबचं वर्णन केलं आणि शेवटी सांगून टाकलं की असा पब अस्तित्वातच नाही. त्या लेखाचं ‘द मून अंडर वॉटर’ हे नाव आज कितीतरी पबांच्या पाट्यांवर आहे. त्याच्याही आधी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या गटाच्या निरीक्षकांनी बोल्टन गावातल्या पबांत बसून लोक काय करतात याच्या नोंदी केल्या होत्या. १९४३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पिणं हे पबमधल्या अनेक कामांपैकी एक काम आहे, हे त्यातून स्पष्ट होतं. लोक गातात, पैजा लावतात, डॉमिनोज खेळतात, नुसते बसतात.

माझ्या वहीतून मला तीन गोष्टी सापडल्या. पहिली, बार. टेबलावर वेटर येत नाही. उठून बारपाशी जावं लागतं. तिथे रांग नसते, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ‘यांचा नंबर आधी’ असं परका माणूस आपल्यासाठी सांगतो. अनोळखी माणसाशी बोलणं असभ्य मानणाऱ्या या देशात बार ही बोलण्याची परवानगी असलेली जागा आहे.

दुसरी, ‘राउंड’. चार जण गेले तर एकेकाने उठून चौघांसाठी आणायचं. आपल्याकडे एकतर यजमान सगळं बिल भरतो, नाहीतर टीटीएमएम, तुझं तू माझं मी. राउंड या दोन्हींच्या मधला आहे. यात कुणावर उपकार होत नाही, पण हिशोब कधीच पूर्ण फिटत नाही. पुढच्या भेटीची सोय आपोआप होते.

तिसरी, तिथे चालणाऱ्या गोष्टी. शेफील्डच्या वायव्येला डंगवर्थ, वॉरल, स्टॅनिंग्टन अशी गावं आहेत. तिथल्या पबांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत लोक जमून स्थानिक कॅरल्स गातात. एकोणिसाव्या शतकात चर्चने गाणी ‘सुधारली’, तेव्हा ही रांगडी गाणी बाहेर पडली आणि तिने पबचा आसरा घेतला. एकाच गीताच्या अनेक चाली आहेत, कुठे कुठली म्हणायची हे गावावर ठरतं. आपली दिवाळी आटोपते त्या सुमाराला हे सुरू होतं. हातात ग्लास घेऊन खोलीभर माणसं भसाड्या आणि सुरेल अशा सगळ्या आवाजांत गातात तेव्हा मला गावातल्या काकड्याची आठवण होते. तिथेही गायक आणि श्रोते असे दोन गट नसतात.

हिशोब

आता ते तीन दिवस. बहुतेक पबांत येणारं पिंप नऊ गॅलनचं, सुमारे ४१ लिटरचं असतं. त्यात कागदावर ७२ पाइंट असतात. तळाचा गाळ वगळला तर त्याहून थोडे कमी. हे पिंप तीन दिवसांत संपवायचं, तर एका पंपावर रोज २३-२४ पाइंट खपले पाहिजेत. पंप दहा असतील तर रोज सव्वादोनशेहून जास्त. शनिवारी ते जमतं. पण सोमवार, मंगळवार, बुधवार? त्या दिवसांचा भार वाहतात ते आजोबा, त्यांचा कुत्रा झोपलेला असताना. म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. ते येतात माहोलासाठी, ओळखीसाठी, शेकोटीसाठी. आणि त्यांच्या येण्यानं पिंप वेळेत संपतं, म्हणून बिअर चांगली राहते. बिअर चांगली म्हणून वही-पेनवाले येतात. बाटलीला परिरक्षक लागतात, पिंपाला माणसं लागतात.

म्हणून ‘बिअर उत्तम पण जागेला जीव नाही’ हा शेरा फार काळ खरा राहूच शकत नाही. ज्या जागेला जीव नाही, तिथलं पिंप चौथ्या-पाचव्या दिवशीही चालू राहतं. पंपांची लांबलचक रांग बघून नवखा माणूस हरखतो. मी आता रांग मोजतो, मग माणसं मोजतो आणि भागाकार करतो. रिकाम्या पबात बारा पंप असण्यापेक्षा तीन असणं चांगलं. स्टेशनातला टॅप हा हिशोब वर्दळीवर सोडवतो, फॅट कॅट तो सवयीवर सोडवतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त एक पिढ्या टिकतं आणि दुसरं रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं.

या हिशोबाची क्रूर परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. साथीमुळे २० तारखेला सगळे पब बंद करायचा हुकूम निघाला. दुकानातली बाटली वाट बघू शकत होती; तळघरातलं नळ ठोकलेलं पिंप नाही. देशभर बिअर गटारात ओतावी लागली.

सगळ्यांचं घर, पण सगळे म्हणजे कोण?

माहोलाविषयी गोड लिहिणं सोपं आहे. माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने ते लिहिताना एक पान मागे उलटलं पाहिजे. साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना अनेक पबांत ठरावीक खोल्यांत प्रवेश नव्हता. ज्या खोल्यांच्या भिंतींचं मी वर कौतुक केलं, त्याच भिंती माणसं वेगळी ठेवायच्या कामी येत होत्या. इंडियन वर्कर्स असोसिएशनने या ‘कलर बार’विरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स स्मेदिकला आले, आणि ‘ब्लू गेट्स’ या पबात त्यांनाही हा भेद सोसावा लागला. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा झाला. बायकांची गोष्ट आणखी लांबली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल विनो’ या वाइन बारमध्ये बायकांना बारपाशी उभं राहून पेय मिळत नसे. त्यांनी ते टेबलावर बसूनच घ्यायचं. हे बेकायदा आहे, असा निकाल १९८२ मध्ये अपील न्यायालयाने दिला.

पुढे याच भागात चालेनासे झालेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. त्यांना ‘देशी पब’ म्हणतात. तंदूरमधून थेट टेबलावर आलेला मिक्स्ड ग्रिल, टीव्हीवर क्रिकेट, आणि बारपाशी सरदारजी आणि गोरा निवृत्त कामगार शेजारी शेजारी. बहुतेकांचा पिण्याचा कल लागरकडे, त्यामुळे एलच्या मोजपट्टीवर हे पब मागे पडतात. माहोलाच्या मोजपट्टीवर मात्र मी पाहिलेल्या उत्तमांपैकी काही इथलेच. ज्यांना दारात अडवलं होतं, त्यांनीच ते दार उघडं ठेवलं.

आपल्याकडे दारू पिण्याच्या जागेचं असं घर का झालं नाही, याचं उत्तरही अंशतः कायद्यात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला. त्यातून ‘परमिट रूम’ हा शब्द आला, आणि शब्दाबरोबर अंधार आणि पडदेही आले. गंमत म्हणजे व्हिक्टोरियन पबांच्या खिडक्यांनाही नक्षीची अपारदर्शक काच असे, कारण आतलं रस्त्यावरून दिसू नये. लाज दोन्हीकडे होती. तिथे ती शंभर वर्षांत विरघळली.

उरलेलं काय?

१९७० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये पंचाहत्तर हजारांच्या आसपास पब होते. आज ते पन्नास हजारांच्या खाली आहेत. सुपरमार्केटची स्वस्त बिअर, विजेचं बिल, कर, जागांच्या वाढत्या किमती, तरुणांचं कमी पिणं, अशी कारणं अनेक. तरुणांनी कमी प्यावं हे चांगलंच. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं इथेही आहेत. पण पब गेला तर पिणं थांबत नाही. ते सोफ्यावर, एकट्याने होतं. पुरेसं झालं असं सांगणारा लँडलॉर्ड तिथे नसतो.

काही उपाय आहेत. २०११ च्या कायद्यानुसार गावकरी पबची नोंद ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून करू शकतात. मग तो विकायला निघाला तर तो विकत घेण्याची तयारी करायला त्यांना सहा महिने मिळतात. २०१७ पासून इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय पब पाडता किंवा त्याचं दुकान करता येत नाही. पण कायदा इमारत वाचवतो, मंगळवार वाचवत नाही. २०२२ मध्ये केलम आयलंड ब्रुअरी बंद पडायची वेळ आली. ज्या भागाला तिने पुन्हा नाव मिळवून दिलं, तो भाग तोवर महागड्या सदनिकांनी भरला होता. पेल रायडर मात्र शेजारच्या डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिजने करायला घेतली. हाच कारखाना २००५ पासून ‘जयपूर’ नावाची इंडिया पेल एल करतो. एकेकाळी मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी जहाजाने पाठवल्या जाणाऱ्या बिअरचा तो आधुनिक अवतार. नावातला भारत आता इकडेच पितात.

कोणी मराठी प्रवासी इकडे आला आणि चांगला पब कसा ओळखावा असं विचारलं तर मी एवढंच सांगतो. शनिवारी जाऊ नका, मंगळवारी जा. पंप किती ते बघा, मग माणसं किती ते बघा. पसंत पडेल की नाही अशी शंका असेल तर घोटभर चव मागा, ती आनंदाने देतात. अर्धा पाइंट घ्या आणि बारजवळची जागा घ्या. कुणी शब्दकोड्यातली नदी विचारली तर सांगा.